चाळीसच्या जागी दहा

२९ ऑगस्ट

ताई,

पाकिटावरचं माझं अक्षर ओळखून तू ते न उघडताच परत पाठवशील असं वाटलं, म्हणून पत्ता ऑफिसातल्या टायपिस्टकडून टाइप करून घेतला. सहा वर्षांनी पहिलं पत्र आणि त्याची सुरुवात अशी लबाडीनं. रागावू नकोस.

पाणी ओसरून बारा दिवस झाले. तुमच्या आरोग्य केंद्राचा फोटो इथे आला होता. तळमजल्याच्या खिडक्यांच्याही वर चिखलाची रेघ दिसते. डॉक्टर नदीपलीकडे अडकलेले असताना प्रभारी सिस्टरनं सगळे पेशंट वरच्या मजल्यावर हलवले आणि एका कंपाउंडरला हाताशी धरून अकरा दिवस केंद्र चालवलं, असं अहवालात लिहिलंय. नाव दिलेलं नाही. मला त्याची गरज नव्हती. गुडघा कसा आहे? जिना किती वेळा चढली-उतरली असशील!

मी त्या दिवसांत नियंत्रण कक्षात होतो, हे तुला माहीत आहेच. सत्तावीस केंद्रांचे रस्ते तुटलेले, बोटी नऊ, त्यातल्या दोन रोज रुसून बसायच्या. कुठे सलाइन, कुठे इन्सुलिन, कुठे सर्पदंशाची लस, कुठल्या बोटीतून आणि किती, हे ठरवायचं टेबल माझं. लोकांना वाटतं, औषध पोचवायचं म्हणजे खोकं उचललं आणि दिलं. इथे एका खोक्यापायी दहा जणांशी वाईटपणा घ्यावा लागतो.

तुमच्या गावचा सुतार साप चावून गेला, ते कळलं. वाईट झालं. पण ताई, त्या आठवड्यात सगळीकडेच कमी पडत होतं. पाण्यामुळे साप घरांत शिरले, एकाच दिवशी एकाच वस्तीत दोघांना चावले, त्याला कोण काय करणार?

जाता जाता एक. थोडी चौकशी होणार आहे, नुसती रीत म्हणून. तू बोटवाल्याबरोबर जे मागणीपत्र पाठवलं होतंस, त्याची कार्बन प्रत तुझ्याकडे राहिली आहे का? पुरात गेली असेल तर गेली, काही बिघडत नाही. असेल तर मात्र आधी मला कळव. दुसऱ्या कुणाला देण्याआधी.

तुझा धाकटा

७ सप्टेंबर

ताई,

पाकीट मिळालं. आत चिठ्ठी असेल म्हणून दोनदा झटकून पाहिलं. कार्बन प्रत, बस्स. तिची झेरॉक्ससुद्धा नाही, खुद्द प्रत. मी ‘कळव’ म्हटलं होतं, तू वस्तूच हवाली केलीस. आता तुझ्या हाती काही नाही आणि माझ्या हाती सगळं आहे. हे तू बेसावधपणे केलंस असं मी म्हणणार नाही. तू इकडची काडी तिकडे करतानाही विचार करतेस.

सर्पदंशाची लस, चाळीस कुप्या. तुझ्या त्या ठसठशीत अक्षरात.

मी दहा पाठवल्या.

हे तुला ठाऊकच आहे, तुझ्याच हातात ते खोकं आलं. पण मी ते तुला अजून सांगितलं नव्हतं, म्हणून लिहितो. मूळ कागद, जो बोटीतून भिजत आला, तो यादीत उतरवून झाल्यावर कचऱ्याच्या टोपलीत गेला. सगळेच जात होते. मी तो फाडला नाही, एवढंच.

का कापलं, तेही ऐक. पहिल्याच दिवशी लक्षात आलं की जो तो वाढवून मागतोय. वीस हवे असतील तर चाळीस लिहायचे, म्हणजे निदान वीस पदरात पडतात. तीनशे माणसांच्या एका वस्तीनं दोन हजार बँडेज मागवली, तेव्हा गोदाम सांभाळणारे काका म्हणाले, “गावच्या गाव गुंडाळून ठेवणार आहेत काय?” मग मी येईल त्या मागणीचं निम्मं करायला लागलो. काकांनी माझं नाव ‘कात्री’ पाडलं. खरं सांगतो, मला ते आवडलं होतं. मोठे साहेब चारचौघांत म्हणाले, “कात्री आहे म्हणून गोदाम आहे.” मी त्या दिवशी जरा छाती काढूनच चाललो.

दुसरी गोष्ट जास्त वाईट आहे. आमच्या यादीत दोन रकाने असतात, मागणी आणि पुरवठा. दोन्हींत फरक दिसला की वरून फोन येतो, खुलासा मागतात. म्हणून मी मागणीच्या रकान्यातही कापलेलाच आकडा भरत गेलो. सत्तावीसच्या सत्तावीस केंद्रांना शंभर टक्के पुरवठा! मला त्याबद्दल प्रशस्तिपत्र मिळालंय, ताई. फ्रेम केलेलं. कपाटाच्या मागे भिंतीकडे तोंड करून ठेवलंय.

म्हणजे कागदावर तू दहाच मागितल्या होत्यास.

तू म्हणशील, सगळ्यांचं निम्मं, तर माझ्या वीस यायला हव्या होत्या, दहा कुठून आल्या? याचं उत्तर आज दोनदा लिहिलं आणि दोनदा फाडलं.

धाकटा

२० सप्टेंबर

ताई,

दहा कुठून आल्या, ते सांगतो.

शेऱ्याच्या जागी तू लिहिलं होतंस, “वाढवून मागितलेलं नाही. माळे, गोठे, शाळा, सगळीकडे साप निघत आहेत. एका माणसाला पहिला डोस दहा कुप्यांचा. चार माणसांपुरतं मोजून मागितलं आहे.”

सत्तावीस केंद्रांच्या कागदांत असा शेरा एकट्या तुझ्या कागदावर होता. टेबलाशी मी बसलोय हे तुला माहीत होतं, म्हणून तू तो लिहिलास. पहिलं वाक्य वाचलं आणि माझे कान तापले. पुढचं मी वाचलं, पण ते डोक्यात शिरलं नाही. मला आईच्या वेळचं आठवलं.

तू तीनदा फोन केला होतास, “आईला जास्त झालंय, ये.” तीनदा मी रजा टाकून आठ तासांचा प्रवास करून आलो, आणि तीनही वेळा आई उशीला टेकून चहा पीत बसलेली. चौथ्या वेळी मी फोनवर म्हणालो, “ताई, तू राईचा पर्वत करतेस.” आई त्याच संध्याकाळी गेली. तू त्यानंतर माझ्याशी एक शब्द बोलली नाहीस. आणि मी? चूक माझी, पण राग तुझ्यावर धरून बसलो. आपण चुकलेलो असलो की समोरच्याचं तोंड जास्तच खुपतं.

तर त्या दिवशी माझं पेन वीस लिहायला टेकलं होतं. मी दहा लिहिलं. तुला शिक्षा म्हणून. दुसरं काही कारण नव्हतं. आणि मनाला काय समजावलं माहीत आहे? सख्ख्या बहिणीला झुकतं माप दिलं असं कुणी म्हणायला नको! शेजारच्या टेबलावर मी हे मोठ्यानं बोलूनही दाखवलं. “बहीण असली म्हणून काय झालं, नियम तो नियम.” सगळ्यांनी माना डोलावल्या. निम्म्याचा नियम होता, मी चौथा हिस्सा केला होता, हे कुणी तपासलं नाही.

आता फोनचं. तोवर तुमची लाइन सुरू झाली होती. आमच्याकडे फोनवर एक बाई बसायच्या, निवृत्तीला वर्ष राहिलेल्या, आवाज कधी न चढवणाऱ्या. सुताराला साप चावला त्या दिवशी सकाळी अकराला त्या उठून माझ्या टेबलाशी आल्या. म्हणाल्या, “साहेब, तुमच्या ताईंचा फोन आहे. घेता का?”

मी म्हणालो, “काय ते लिहून घ्या.”

त्या गेल्या, कागद घेऊन परत आल्या. सकाळी आठला एक मुलगी आणली, दहाच्या दहा कुप्या तिला दिल्या. साडेदहाला सुतार आला, पापण्या मिटतायत, जीभ जड झालीय, श्वास उथळ. कुपी एकही नाही. हातानं पिशवी दाबून श्वास देतोय. ताबडतोब बोट पाठवा.

मी काय म्हणालो असेन? “दुपारी तीनची बोट तिकडेच जाते. तिच्यात टाका वीस.”

बाई हलल्या नाहीत. म्हणाल्या, “साहेब, त्या रडत नव्हत्या. वाढवून सांगणारं माणूस रडतं, ओरडतं. या आकडे सांगत होत्या.”

“तीनची बोट,” मी म्हणालो.

एक बोट धक्क्याला उभी होती, ताई. इंजिन चालू स्थितीत, चालक तिथेच बसलेला. साडेअकराला निघाली असती तर दोनला तुमच्याकडे पोचली असती. तीनची बोट साडेपाचला पोचली. सुतार पावणेपाचला गेला. तू आणि कंपाउंडरनं आळीपाळीनं सहा तास ती पिशवी दाबली, हे मला अहवालातून कळलं. तुझ्या त्या दुखऱ्या मनगटानं.

मागच्या महिन्यात लिहिलं होतं ना, सगळीकडेच कमी पडत होतं म्हणून? पूर संपला तेव्हा गोदामाच्या फ्रिजमध्ये सर्पदंशाच्या लशीच्या चौसष्ट कुप्या शिल्लक होत्या. मी स्वतः सही करून त्या परत पाठवल्या.

४ ऑक्टोबर

ताई,

हे पत्र लिहू नये असं वाटत होतं. पण तू सगळं ऐकलंयस, तर हेही ऐक.

परवा चौकशी झाली. एकेकाला आत बोलवत होते. तुला सकाळीच बोलावून घेतलं, म्हणून मी मुद्दाम दुपारची वेळ मागून घेतली. जिन्यात गाठ पडू नये म्हणून.

तुझी कार्बन प्रत माझ्या शर्टाच्या खिशात होती. घरून निघताना मी ती आठवणीनं घेतली होती. आरशासमोर उभं राहून काय बोलायचं तेही घोकलं होतं. बायकोनं विचारलं, “कुणाशी बोलताय?” मी म्हणालो, “कुणाशी नाही.” ते मात्र खरं ठरलं.

चौकशी अधिकारी चांगला माणूस वाटला. चष्मा पुसत म्हणाला, “सिस्टर म्हणतात, त्यांनी चाळीस मागितल्या होत्या. पुरावा विचारला. म्हणाल्या, प्रत होती, ज्याला द्यायची त्याला दिली. कुणाला, ते सांगत नाहीत. विचित्रच बाई आहेत.” मग माझी यादी पुढे सरकवून त्यानं सरळ विचारलं, “मागणी दहाचीच होती ना?”

मी म्हणालो, “हो.”

एवढंच. खोटं बोलायला किती कमी जागा लागते! त्यानं लिहून घेतलं, मी सही केली. उठताना खिशातला कागद सहीच्या पेनाला अडकून थोडा वर आला. मी तो बोटानं आत दाबला.

बाहेर फोनवाल्या बाई बाकावर आपल्या पाळीची वाट बघत बसल्या होत्या. माझ्याकडे पाहून त्यांनी बाकावरची पर्स उचलून मांडीवर घेतली. मला बसायला जागा करत असतील असं वाटलं. तसं नव्हतं. त्या तोंड फिरवून बसल्या.

आज तुमच्या कंपाउंडरला दुसऱ्याच कामाचं निमित्त काढून फोन केला. तो म्हणाला, तुला नोटीस आली आहे. गावात बोलतात की सिस्टरनं औषध कमी मागवलं आणि जे होतं ते ओळखीच्यांच्या पोरीला देऊन टाकलं. तुझ्या क्वार्टरच्या खिडकीची काच कुणीतरी फोडली. काच आणायला तुलाच बाजारात जावं लागलं, आणि दुकानदार तुझ्याशी न बोलता काच कापत राहिला.

तू प्रत माझ्याकडे का पाठवलीस, ताई? अधिकाऱ्याला माझं नाव का सांगितलं नाहीस? तू मला वाचवत होतीस की बघत होतीस, हे मला कळत नाही. काहीही असलं तरी मी काय केलं ते तुझ्यासमोर आहे.

१९ ऑक्टोबर

ताई,

आधी कामाचं. सोमवारी मी कार्बन प्रत चौकशी अधिकाऱ्याच्या टेबलावर ठेवली आणि सगळं लेखी दिलं. शिक्षेचे दहा, अकराचा फोन, धक्क्यावरची बोट, चौसष्ट कुप्या, सगळं. त्यानं दोनदा वाचलं. विचारलं, “त्या दिवशी का नाही बोललात?”

“लाज वाटली,” मी म्हणालो.

“मग आज?”

“आज जास्त वाटतेय.”

तो हसला नाही. मला निलंबित केलंय, पुढे काय ते ठरेल. घरी बायकोला सांगितलं तेव्हा ती भाजी निवडत होती. सगळं ऐकून घेतलं आणि फक्त विचारलं, “सहा तास?” मग ताट बाजूला सरकवून उठून गेली. तुझी नोटीस रद्द झाल्याचं पत्र या आठवड्यात तुला मिळेल. फोनवाल्या बाईंनी आपल्या जबाबात हे सगळं आधीच सांगितलं होतं, हे मला नंतर कळलं. त्यांच्याकडे कागद नव्हता म्हणून कुणी मानलं नव्हतं.

आता दुसरं. काल मी तुमच्या गावात आलो होतो.

बस दुपारी पोचली. सुताराचं घर विचारावं लागलं नाही, दारासमोर चौकटी टेकवून ठेवलेल्या होत्या, अर्ध्या रंधा मारलेल्या, अर्ध्या तशाच. त्याची बायको एका चौकटीला पॉलिश कागद घासत होती. हाताला सवय नव्हती, कागद सारखा निसटत होता. मी कोण ते सांगितलं. कशाला आलो तेही सांगायला लागलो, तर तिनं हात वर केला.

“मला नको. त्यांना सांगा.”

आत खाटेवर सुताराचे वडील बसले होते. “ऐकू कमी येतं त्यांना,” ती म्हणाली. “मोठ्यानं सांगावं लागेल.”

मी वाकून त्यांच्या कानाशी बोललो. ते म्हणाले, “आँ?” मी पुन्हा सांगितलं. “आँ? काय पाठवलं?” शेवटी मी ओरडलो. ताई, मी आयुष्यात इतक्या मोठ्यानं कधी बोललो नसेन.

“सिस्टरनं चाळीस मागितल्या होत्या! मी दहा पाठवल्या! औषध शिल्लक होतं! बोटही होती! मी पाठवली नाही!”

बाहेर कुणाची तरी सायकल थांबली. समोरच्या घरातल्या दोघी दारात आल्या. म्हाताऱ्यांनी विचारलं, “का?” मी तेही ओरडून सांगितलं. “बहिणीवर राग होता म्हणून!” सगळ्या गल्लीनं ऐकलं. ‘राग’ हा शब्द ओरडून म्हणताना किती क्षुल्लक वाटतो, हे मला तोवर माहीत नव्हतं.

म्हाताऱ्यांनी पाय खाटेखाली सोडले. मग सुनेला म्हणाले, “माझ्या चपला आण.”

मी मान खाली घातली आणि तसाच उभा राहिलो. मनात म्हटलं, होऊन जाऊ दे. खरं तर बरंच वाटलं. तिनं चपला आणल्या. म्हाताऱ्यांनी त्या खाली ठेवायला लावल्या, पायांत सरकवल्या, काठी घेतली आणि माझ्या बाजूनं निघून दाराकडे चालू लागले.

“कुठे निघालात?” सून ओरडली.

“सिस्टरकडे,” ते म्हणाले. “दोन महिने तिच्या दारावरून थुंकून जातोय मी.”

मी तिच्याकडे पाहिलं. काही बोलावं म्हणून तोंड उघडलं असेल. ती म्हणाली, “तुम्ही सांगितलंत, आम्ही ऐकलं. आता जा. पुन्हा येऊ नका.” आणि पुन्हा चौकट घासायला बसली.

मी म्हाताऱ्यांच्या मागे चालत आलो, वीसेक पावलं अंतर ठेवून. तुझ्या गल्लीच्या कोपऱ्यावर थांबलो. त्यांनी काठीनं दार वाजवलं. तू दार उघडलंस. केस पार पिकलेत तुझे. त्यांनी काठी बगलेत धरली आणि हात जोडले. तू पटकन त्यांचे दोन्ही हात धरून खाली केलेस. त्यांनी काय म्हटलं ते मला ऐकू आलं नाही. पण त्यांना ऐकू जावं म्हणून तू जे मोठ्यानं बोललीस, ते मला कोपऱ्यावर स्पष्ट ऐकू आलं.

“बाबा, आधी आत या! उन्हात उभे राहू नका!”

सहा वर्षांनी तुझा आवाज ऐकला. तू त्यांना हाताला धरून आत नेलंस. दार उघडंच होतं. मी बराच वेळ त्याच्याकडे बघत उभा राहिलो, आणि मग चारच्या बसनं परत आलो.